झिपरूचा अर्ज

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही. पटलं नाही तर सोडून द्या, पण यात पदरचं काही घालायची मला हौस नाही. कारखान्याचं नाव तेवढं सांगणार नाही, कारण तिथे अजून माणसं कामाला आहेत.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. शनिवार. सकाळचे साडेदहा.

हो, सकाळचेच. लख्ख ऊन होतं.

माझं नाव यशश्री. सातपूरला अशोकनगरात राहते आणि एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. शनिवारी एमआयडीसीला सुट्टी असते. एरवी जिथे बोललेलं ऐकू येत नाही, तिथे त्या दिवशी चिमणीसुद्धा ऐकू येते.

निकिताचा फोन आला. ती त्या कारखान्यात ऑफिसचं काम बघायची. कॉम्प्युटर रात्रीतून आपोआप अपडेट झाला होता आणि आता काही फाइली उघडत नव्हत्या. सोमवारी कोर्टाची तारीख होती. शेठ सकाळपासून भडकलेले होते.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

गेले तेव्हा कारखान्यात तिघंच होते. निकिता, मालक गोविंदशेठ आणि सुपरवायझर गोरक्ष. ऑफिस वरच्या मजल्यावर. खाली प्रेस मशिनांची रांग. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचं, वरून काही टनांचा घाव पडतो आणि पत्र्याचा आकार होतो. दिवसभर धप्प, धप्प, धप्प.

त्या दिवशी सगळं बंद. मशिनांचा मेन स्विच खाली ओढून त्याला कुलूप लावलेलं. मी येताना स्वतः पाहिलं होतं.

शेठ माझ्याशी सरळ बोललेच नाहीत. निकितालाच म्हणाले, हिला दाखव आणि बारा वाजायच्या आत उघडून घे.

गंमत अशी, की बाकी सगळ्या फाइली उघडत होत्या. फक्त एका फोल्डरमधल्या अकरा फाइली अडल्या होत्या.

फोल्डरचं नाव होतं... झिपरू.

निकिताने मला पाणी देता देता हळूच सांगितलं. झिपरू पेठकडच्या एका पाड्यावरचा. सव्वीस वर्षांचा. चार नंबरच्या प्रेसवर काम करायचा. नोव्हेंबरात एका दुपारी त्याचे दोन्ही हात मनगटापासून गेले. दवाखान्यात नेईपर्यंत अंगात रक्त उरलं नव्हतं. त्याची बायको मैना कोर्टात गेली होती.

मशीनपुढे हात जाऊ नये म्हणून एक लोखंडी जाळी असते. ती दिवाळीआधीच काढलेली होती, माल जास्त निघावा म्हणून. आणि त्या अकरा फाइलींमध्ये लिहिलं होतं, की जाळी जागेवर होती, झिपरूनेच ती काढली.

मी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले होते. निदान तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं.

पहिल्या फाइलवर क्लिक केलं.

फाइल खराब आहे, उघडता येत नाही, असा चौकोन आला.

आणि खालून आवाज आला...

धप्प.

एकच. जमीन किंचित हलली. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं.

मी निकिताकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती. मला वाटलं, शेजारच्या कारखान्यात कोणी काही टाकलं असेल.

फाइल दुरुस्त करून उघडायचा एक पर्याय असतो. तो वापरला.

नाही उघडली.

धप्प.

फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतली. माझ्या लॅपटॉपला अपडेट आलेला नव्हता, तिथे उघडायलाच हवी होती.

धप्प...

आता शेठ केबिनमधून बाहेर आले. त्यांनी गोरक्षला विचारलं, खाली कोण आहे. गोरक्ष म्हणाला, कोणी नाही. शेठनी त्याची कॉलर धरून त्याला जिन्याकडे ढकललं.

गोरक्ष देवळ्याकडचा. धिप्पाड गडी. पाच मिनिटांनी वर आला तेव्हा त्याचा चेहरा घामाने भिजला होता.

"मेन बंद हे. कुलूप हे. पण चार नंबरची डाय गरम लागती, शेठ," तो म्हणाला.

शेठनी टेबलावरचं स्टेपलर उचलून त्याच्या तोंडावर मारलं. गोरक्षची भुवई फुटली. रक्त नाकावरून ओघळून शर्टावर पडलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

निकिता रडायला लागली. मला तिथून निघायचं होतं. पण शेठ दारात उभे होते आणि म्हणाले, फाइली उघडल्याशिवाय कोणी जाणार नाही.

एकच उपाय उरला होता. अपडेट काढून टाकायचा आणि कॉम्प्युटर आदल्या दिवशी होता तसा करायचा. मी ते सुरू केलं. स्क्रीन काळी झाली. मधोमध पांढरे आकडे. सात टक्के... नऊ टक्के...

तेव्हा बारा वाजायला आले होते. असं काम चालू असताना करण्यासारखं काही नसतं. नुसतं बसायचं. शेठ केबिनमध्ये गेले, निकिता गोरक्षला जखम धुवायला नळाकडे घेऊन गेली आणि मी खुर्चीत बसून राहिले.

त्या सगळ्या वेळात खालून एकदाही आवाज आला नाही.

साडेबाराला कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. शेठ माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मी पहिल्या फाइलवर क्लिक केलं.

उघडली.

वर कारखान्याचं नाव हवं होतं. खाली मशीन तपासणीचा तक्ता हवा होता. त्याऐवजी पानभर मोकळी जागा आणि मधे चार ओळी.

"साहेब, चार नंबर एकदा पॅडल मारलं का दोनदा पडतो. जाळी काढल्यापासून हात घालाया भ्या वाटतं. गोरक्षभाऊला सांगितलं. काम कर नायतर घरी जा बोलला. जाळी लावून द्या. माझं लेकरू लहान हाय. झिपरू."

शेठ स्क्रीनकडे वाकले.

मी सवयीने ती फाइल पेनड्राइव्हवर सेव्ह केली. काम झालं की मी नेहमी करते. हात आपोआप गेला.

शेठनी निकिताची वेणी धरून तिचं डोकं मागे ओढलं. विचारत होते, हे कधी टाइप केलंस. ती शपथा घेत होती, की तिने असं काही कधी पाहिलंसुद्धा नाही. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी मला कोपराने ढकललं. मी कपाटावर आदळले. गोरक्ष जागचा हलला नाही. तो स्क्रीनवरचं वाचत होता.

"खरं हे शेठ. तो आलता माझ्याकडं," तो म्हणाला.

आणि खालून आवाज सुरू झाला.

धप्प... धप्प... धप्प... धप्प...

आता थांबतच नव्हता. खिडकीच्या काचा वाजत होत्या. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. शेठनी निकिताला सोडलं, कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली आणि शिव्या देत जिना उतरले. आम्ही तिघं मागोमाग गेलो. का गेलो, सांगता येत नाही. वर थांबायची भीती जास्त वाटली.

शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि आवाज बंद.

एकदम शांत.

मेन स्विच खाली. कुलूप तसंच. चार नंबरच्या प्रेसचं मोठं चाक स्थिर. त्याच्या आऱ्यांवर कोळ्याचं जाळं होतं आणि ते तुटलेलं नव्हतं. मी पाहिलं ते.

पण डायवर काहीतरी पडलं होतं.

हँडग्लोजची जोडी. कामगार घालतात ते, पांढरे, विणलेले. ओले होते. मनगटाकडून लाल.

आणि ते... सपाट नव्हते. आत काहीतरी असल्यासारखे फुगलेले होते.

शेठ कोणावर तरी ओरडले, की हा चावटपणा कोणाचा. मग त्यांनी पहार टाकली आणि ग्लोज काढायला उजवा हात आत घातला.

"शेठ, हात घालू नका," गोरक्ष म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

धप्प.

मी तो आवाज सांगू शकत नाही. लोखंडाचा होता आणि हाडांचाही. रक्ताची चिळकांडी समोरच्या पत्र्यावर उडाली, माझ्या ओढणीवर उडाली. शेठ किंचाळले नाहीत. त्यांनी नुसतं पाहिलं. हात मनगटापर्यंत आत होता आणि सुटत नव्हता. मग वरचा भाग आपोआप उचलला गेला आणि त्यांनी डावा हातही आत घालून उजवा ओढून काढायचा प्रयत्न केला.

धप्प.

दुसऱ्यांदा पडला.

मग ते किंचाळले.

गोरक्षने त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. हात आले नाहीत. निकिताने तिथली चिंध्यांची पिशवी रिकामी केली. आम्ही बायकांनी त्या चिंध्या दोन्ही मनगटांवर दाबून धरल्या. गरम रक्त बोटांमधून येतच होतं. रिकाम्या रस्त्यावर गोरक्षने टेम्पो काढला. मी मागे शेठचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ते सारखं एकच विचारत होते, की माझे हात आणले का.

ते वाचले. हात नाही वाचले.

पोलीस आले, पंचनामा झाला. मेन बंद होता हे त्यात लिहिलं आहे. हँडग्लोज कुठेच मिळाले नाहीत. डायमध्ये जे होतं ते फक्त शेठचं होतं.

सोमवारच्या तारखेला गोरक्ष भुवईला टाके घेऊन कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, जाळी मी काढली, शेठनी काढायला लावली. मग तो देवळ्याला निघून गेला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

पेनड्राइव्हवरच्या त्या फाइलची मी प्रिंट काढली आणि मैनाकडे गेले. म्हटलं, तिच्या वकिलाच्या कामाला येईल. पाड्यावर तिचं एका खोलीचं घर. पोरगं दाराशी खेळत होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

"असाच बोलायचा तो," ती म्हणाली. मग बराच वेळ कागदावरून हात फिरवत राहिली. "पण ताई, त्याला लिहाया येत नव्हतं. सहीपण नाय. अंगठा द्यायचा."

मी म्हटलं, कोणाकडून तरी लिहून घेतलं असेल.

तेव्हा मला खरंच तसं वाटलं.

वकिलाने तो कागद घेतला. गोरक्षच्या जबाबानंतर त्याची गरज फारशी पडली नाही. निकाल मैनाच्या बाजूने लागला.

मग एका रविवारी मी सहज ती फाइल पुन्हा उघडली. फाइल कधी तयार झाली, हे तिच्या माहितीत दिसतं. आमच्या कामात ते बघायची सवय असते.

तारीख त्याच शनिवारची होती. वेळ, बारा वाजून बारा मिनिटं.

खाली आणखी एक ओळ असते. लिहायला लागलेला एकूण वेळ.

चौदा मिनिटं.

बारा वाजून बारा मिनिटांनी तो कॉम्प्युटर बंदच होता. अपडेट निघत होता. त्यावर कोणाला एक अक्षरही टाइप करता येणं शक्य नव्हतं. मी निकिताला फोन केला आणि विचारलं, त्या वेळात कॉम्प्युटरजवळ कोणी आलं होतं का. मी तर समोरच बसले होते, पण माझा डोळा लागला असेल.

 ती म्हणाली, की तिला वाटलं होतं मला ठाऊक आहे.

ती मला दोनदा चहाला बोलवायला आली होती. दोन्ही वेळा मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"स्क्रीन काळीच होती, ताई," ती म्हणाली. "तुम्ही डोळे मिटून टाइप करत होतात. एका बोटाने... अंगठ्याने."