आलो, आलो

माझं चष्म्याचं दुकान आहे. त्या दिवशी शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे फ्रेमची दोन खोकी पोचवायची होती, एवढंच माझं काम. पण माझा मित्र, आमचा वायरमन, म्हणाला, "शहरापर्यंत जातोच आहेस, तर समुद्र तिथून तासाभरावर. मास्तरलाही उचलू." मास्तर म्हणजे आमचा दुसरा मित्र, शाळेत चित्रकला शिकवणारा. आम्ही तिघं शाळेपासूनचे. पन्नाशी आली तरी तिघांनी मिळून कुठे जाणं असं कधी जमलंच नव्हतं.

खोकी देऊन दुपारी तीनपर्यंत शहरात पायी भटकलो. मास्तर प्रत्येक कमानीसमोर वही काढून उभा राहायचा. वायरमन मान वर करून खांबावरच्या तारांचा गुंता बघायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "हे काम ज्यानं केलं, त्याला गाठून हात जोडायला हवेत." मीही हसत होतो, पण का कोण जाणे, माझं कशात लक्ष लागत नव्हतं. बसलो तर बसवेना, चाललो तर पाय भराभर पडत. शेवटी अर्धा कप चहा तसाच ठेवून मीच म्हणालो, "चला, निघू या."

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. लख्ख ऊन, ओहोटी लागलेली, आणि लांबपर्यंत ओली वाळू. माणूस एकही नाही. "मी त्या खडकांकडे जातो पुढे, तुम्ही या सावकाश," म्हणून मास्तर वही घेऊन चालू लागला. आम्ही पाय मोकळे करत मागून निघालो. गाडी उघडीच होती.

आणि धुकं आलं. उन्हातलं धुकं कधी पाहिलंयस तू? आधी पांढरं, मग पिवळट, आणि सडलेल्या दोरखंडासारखा त्याचा वास. बघता बघता खडक गेले, गाडी गेली. लाटांचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा झाला.

"मास्तर..." वायरमननं हाक मारली.

"आलो, आलो," समोरून उत्तर आलं.

मास्तरचाच आवाज. आम्ही थांबलो. कोणी आलं नाही. पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. "आलो, आलो." तेवढ्याच अंतरावरून, त्याच सुरात. दर वेळी 'आलो' आणि 'आलो'च्या मध्ये तेवढीच धाप.

"पाय अडकलाय वाटतं याचा," वायरमन म्हणाला. मास्तरला पोहता येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वायरमन आवाजाच्या दिशेनं पळत सुटला. मी मागोमाग. पायांना पाणी लागलं, मग पोटऱ्यांना. वायरमन माझ्यापुढे कमरेइतक्या पाण्यात होता. धुक्यात त्याचा नुसता शर्ट दिसत होता.

तेवढ्यात पाठीमागे हॉर्न वाजला. आमच्याच गाडीचा. एकदा, दोनदा, मग एकसारखा. आणि पाठोपाठ मास्तरची हाक, "अरे, कुठे आहात तुम्ही? मी केव्हाचा गाडीपाशी आलोय..."

मी जागच्या जागी थिजलो.

"आलो, आलो," समोरच्या पाण्यातून कुणीतरी म्हणालं.

कसा पुढे झालो ते आठवत नाही. मी वायरमनचा हात धरला आणि हॉर्नच्या दिशेनं ओढत सुटलो. तो जड झाला होता, फार जड. वाळू लागली तेव्हा दोघंही गुडघ्यांवर पडलो. मागे आता काहीच ऐकू येत नव्हतं. हाकही नाही, उत्तरही नाही.

मास्तर गाडीपाशी उभा होता, कोरडा ठाक. धुकं येताना दिसलं तसा तो वरच्या वाटेनं परतला होता. आमची एकही हाक त्याला ऐकू आली नव्हती.

मी गाडी सुरू केली. वायरमन मागच्या सीटवर बसायला तयार होईना. पुढे बसला, ओल्या कपड्यांनी, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बिचारा मास्तर मागे एकटाच बसला. दहा-बारा मैल गेलो. धुकं संपलं, ऊन आलं. पेट्रोल पंपावर मास्तर पाण्याची बाटली आणायला उतरला, तेव्हा वायरमन हळूच म्हणाला,

"तू माझा डावा हात धरला होतास ना?"

"हो."

"फक्त डावा?"

"फक्त डावा. का रे?"

त्यानं उजवा हात मांडीखालून काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"तुला आत ओढत होतं?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली.

"ओढत नव्हतं रे," तो म्हणाला. "ते माझ्या आधारानं... बाहेर येत होतं."