बांधीतला हिरवा पट्टा

मृदा प्रयोगशाळेत माती कमी आणि काचच फार. देवकाबाई कटरेंनी पदराने खुर्ची पुसली आणि ताठ बसल्या. शेत त्यांचं, म्हणून प्रयोग बंद करण्याआधी त्यांना बोलावलं होतं. त्या आल्या होत्या लेकाला पाहायला, पण तसं त्या कुणाला सांगणार नव्हत्या. हिवराज दोन वर्षांनी दिसला होता. वाळून खारीक झाला होता.

भिंतीभर पडद्यावर गगननेत्र उपग्रहाने आभाळातून टिपलेलं त्यांचं शेत होतं. बांध्याबांध्यांतला, म्हणजे भाताच्या खाचरांतला, गहू पिवळा पडलेला. त्याआधीचा धानही असाच गेला होता. मधून फक्त एक हिरवा पट्टा, माणूसभर रुंद, घरापासून थेट सडकेपर्यंत. सडकेपाशी त्याचा हिरवागार गोल झाला होता.

"प्रयोग फसला, हिवराज," संचालिका डॉ. सामंत म्हणाल्या. "तुमचे नत्रपाल जिवाणू कुंडीत हवेतलं नत्र पकडून मुळांना देतात. शेतात मरतात."

"कुंड्यांत आपण उघडे हात घालत होतो, मॅडम. हे जिवाणू आमच्याच जुन्या बांधीतले. तिथे पिढ्यान् पिढ्या अनवाणी धानाची रोवणी झाली. माणसाच्या घामातलं काहीतरी त्यांचं अन्न झालंय. आता सगळी शेती यंत्रं करतात. जिवाणू उपाशी मरतात."

"मग हा पट्टा? माणूस दिसला की शेतयंत्रं थांबतात. दोन वर्षांत ती एकदाही थांबली नाहीत. माणसाविना हिरवं झालं, म्हणजे तुमचं म्हणणंच खोटं. खाली पाइप फुटला असेल."

हिवराज वळला. "माय, तिकडून कोनी जाते का?"

"मले काय माहीत? मी राखणदार हाय का तुझी? मी उंबरा ओलांडत नाही."

फोनवरही त्या हेच सांगत. येशील तवा ये, मी काही डोळे लावून बसली नाही.

उमेदीची सगळी वर्षं हिवराजने या जिवाणूंत घातली होती. डॉ. सामंतांनी पडद्याकडे बोट नेलं; ते टेकलं की प्रयोग संपला. हिवराजचा खालचा ओठ लहानपणी व्हायचा तसा झाला, आणि देवकाबाईंना ते पाहवलं नाही.

"थांबा बाई. पाइप-बिइप काही फुटला नाही. मी जाते तिथून. रोज."

"यंत्रांना दिसला नाहीत?"

"सांज झाली का यंत्रं गोठ्यात जातात. मग मी निघते. ओळीतून जाते, काडी मोडत नाही."

"अनवाणी?"

"उभ्या पिकात कोन चप्पल घालते? हातात घेते."

"आणि तो गोल?"

देवकाबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. वरून सगळं दिसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"तिथं बस येते. लोक उतरतात. बस गेली तरी पाय लगेच घरी वळत नाहीत. माणूस फिरते मग तिथल्या तिथं."

डॉ. सामंतांनी बोट मागे घेतलं. "म्हणजे तुम्ही बरोबर होता, हिवराज. पण बांध्या तुडवायला माणसं आणायची कुठून?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही घरी शेवटचे कधी गेला होता?"

हिवराज त्या हिरव्या गोलाकडे पाहत होता.

"कामं असतात त्याले," देवकाबाई फटकन म्हणाल्या. "आन् माणसं पाहिजेत ना तुम्हाले? आधी याले सोडा."