नंदूची एक रात

यशराज, मोटरीला लाईट यायला अजून तासभर हाय. सारखं त्या स्टार्टरच्या पेटीकडं काय बगतोस? बस खाली. आणि तो मोबाईल उलटा ठेव, उजेड डोळ्यात जातोय.

खालच्या आळीचा आकाराम म्हायती हाय न्हवं तुमास्नी? बोलेरोवाला. आता गाडी इकली त्येनं. का इकली ते गावात कुणाला सांगितलं न्हाय, मला सांगितलंय. तेच सांगतो. पर मधी खिदळलासा तर मी उठून घराकडं जाईन, आधीच सांगून ठेवतो.

दोन हजार पंचवीस साल. फेब्रुवारीची अठरा तारीख, मंगळवार. रात्री पावणेआठला आकारामनं गाडी काढली. काम साधं हुतं. धाकटी बहीण पूर्णिमा हिला कोल्हापूरला हॉटेलात सोडायचं आणि परत यायचं. ऊसतोडीचा हंगाम, बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असत्यात, म्हणून त्येनं पुढच्या काचंवर ओलं फडकं मारून घेतलं.

पूर्णिमा मेलबर्नला असती. तिच्या संगं सहा वर्साची नंदू. पर नंदू तिची न्हवं, थोरल्या बहिणीची, संयोगिताची. संयोगिताचा नवरा अपघातात गेला, आणि वर्सभरात तिची किडनी गेली. म्हणून आकारामनं तिला आपल्या घरी आणली. आठवड्यातनं दोनदा गडहिंग्लजला डायलिसिस. दोन वर्साचं पोर कुणी बगायचं? पूर्णिमा म्हणाली, “मी नेते आक्का. तू बरी झालीस की आणून देते.”

संयोगिता बरी झाली न्हाय. पोरगी बी आली न्हाय. आधी रोज फोनवर तोंड दिसायचं, मग रविवारचं, आणि मग पूर्णिमा म्हणाली, “आक्का, फोन झाला की ती रात्रभर रडते. आता नको.” माउलीनं व्हय म्हंटलं. शेवटी शेवटी बंद फोन उशाखाली घेऊन निजायची ती. असं मरण शत्रूला बी येऊ ने बाबांनो.

तिच्या दहाव्याला कावळा शिवंना. सकाळी नवाला पिंड ठेवला, साडेअकरा झाले तरी कावळं लांब बाभळीवर बसल्यालं. लोकं उन्हात उभी. भटजी घड्याळ बगतोय. ह्येनं शब्द दे, त्येनं शब्द दे, सगळं झालं. मग आकाराम हात जोडून म्हणाला, “आक्का, तुझ्या नंदूला वर्साच्या आत आणतो. एक रात तुझ्या खोलीत निजवतो. मग तर झालं?” हात खाली यायच्या आत कावळ्यानं चोच मारली. आकारामला तवाच ठावं हुतं, पूर्णिमा पोरगी धाडणार न्हाय. लोकांच्या पोटात कावळं वरडायला लागलं, म्हणून दिला त्येनं शब्द. कावळ्यापुढं कोण खोटं बोलतं व्हय रं?

पर वर्सश्राद्धाला पूर्णिमा आलीच की पोरगी घेऊन! आकारामचा जीव भांड्यात पडला. सांजंला त्येनं हळूच सांगितलं, “पूर्णे, आजची रात राहा. शब्द दिलाय मी.”

पूर्णिमा हसली. “कावळ्याला दिलेला शब्द, दादा? तिला डास चावतील. बुकिंग झालंय आमचं, आणि उद्या निघायचंय.”

आकारामनं गाडी काढली.

पूर्णिमा पुढं बसली आणि गाव सुटायच्या आधी झोपली. नंदू एकटी मागं. दिवसभर ती पोरगी फाडफाड इंग्रजी बोलत हुती, मराठीचा एक शब्द यायचा न्हाय. दोन्हीकडनं ऊस, मधनं रस्ता, चंद्र अजून उगवायचा हुता. आठ वाजून वीस मिनिटांनी आकारामनं आरशात बगितलं. पोरगी एका अंगाला, दाराला खेटून बसलेली. सगळी सीट मोकळी.

आपलं बोलणं हिला कळणार न्हाय हे ठावं असून बी तो म्हणाला, “नंदू, मधी सरक की. दाराला खेटू नगंस.”

मागनं आवाज आला.

“जागा न्हाय, मामा.”

आकारामचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. पूर्णिमाची मान तेवढी हलली. त्येनं परत आरशात बगितलं. पोरीची मान कलती. कशावर तरी टेकलेली. आणि खाली... काय बी न्हवतं.

“आई म्हणतीया... घर मागं ऱ्हायलं की.”

आकारामनं पूर्णिमाला हलवलं. “पूर्णे, परत जाऊया. तुझ्या पाया पडतो. एकच रात.”

पूर्णिमानं मागं बगितलं. पोरगी डोळं मिटून निजलेली. “दादा, दत्तकाची कागदं झालीत. ती माझी आहे. परत हा विषय काढलास तर तुझ्या दारात पुन्हा आणायची नाही.”

आकाराम मला म्हणाला, “तात्या, स्टेअरिंग माझ्या हातात हुतं. वळवायला जागा बी हुती. पर मी भ्यालो, आक्काला न्हवं, पूर्णीला.” मेल्यालीपेक्षा जित्या बहिणीला भ्याला बगा तो. त्येनं गाडी पुढंच नेली. संकेश्वर, हायवे, कागल... आरसा वर करून ठेवला. मागनं बारीक गुणगुण येत हुती. लहान पोराला थोपटताना करत्यात, तसली.

हॉटेलात सोडलं तवा साडेनऊ झालं हुतं. निजलेली पोरगी त्येनंच उचलून खाटंवर ठेवली. अंग ऊन हुतं. श्वास हुता. त्येला जरा बरं वाटलं.

घरी पोचला अकरा वाजून दहा मिनिटांनी. बायकोनं, बयाबाईनं दार उघडलं. ती हळू आवाजात म्हणाली, “बरं झालं बाई, परत आणलासा. पर मागल्या दारानं का आणलं?”

“कुणाला?”

“असं काय करताय? आत दोघी बोलत्यात की मगाधरनं. आत्ता कुटं गप झाल्यात.”

दोघी...

संयोगिताच्या खोलीला वर्सभर कुलूप. किल्ली आकारामच्या करदोट्याला. त्येनं कुलूप बगितलं. लावलेलं. उघडलं.

भुईवर हातरुण. त्यावर नंदू. कुशीला वळून झोपलेली. एकटीच.

त्येनं बाहेर येऊन फोन लावला.

“पूर्णे, नंदू कुटंय?”

“माझ्याजवळ झोपली आहे. दादा, किती वाजले बघ की.”

“हात लाव तिला.”

“काय?”

“हात लाव...!”

पूर्णिमा काय तरी पुटपुटली. चादर सरकल्याचा आवाज आला. मग ती नंदूला दोनदा हाक मारताना ऐकू आली.

“दादा... ही थंड पडली आहे.”

डॉक्टरनं मागनं लिहिलं, झोपंत श्वास बंद पडला. सहा वर्साची, धडधाकट पोरगी.

त्या राती फोन हातातनं पडला तसा आकाराम परत खोलीत गेला. पोरगी न्हवती. हातरुण तेवढं हुतं. गोधडी, हिरव्या काठाची, संयोगिताची. बयाबाईनं ती वळखली आणि दाराबाहीर सरकली. संयोगिता गेली त्याच दिवशी ती गोधडी आकारामनं वढ्याच्या काठाला नेऊन स्वतःच्या हातानं जाळली हुती. राख हुईस्तवर उभा हुता तो तिथं.

त्येनं वाकून गोधडीला हात लावला. मधोमध दोन खळगं हुतं, एक मोठा आणि त्याच्या कुशीत एक बारका.

दोन्ही अजून ऊन हुतं.