कपाटामागची ओल

"मेंढरं बसवायची तरी मी चार जागी माती चाचपतो. अन् घर घ्यायलो न बघता!"

अप्पा पुटपुटले ते आईच्या कानात. पण संतपूरहून बीदरला निघालेल्या जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली! मांडीवरच्या धाकट्या नागराजला आणि कोपराखाली अडकलेल्या रेणूलाही ते ऐकू गेलंच.

"माझ्या अण्णानं बघितलंय न्हवं?" आई फणकारली. "सख्ख्या भावाच्या शब्दावर माती चाचपता व्हय?"

अप्पांनी तोंड फिरवलं. आईच्या भावाविषयी, मल्लिकार्जुनमामाविषयी, घरात ब्र काढायची सोय नव्हती. रेणूला तर हे घर हवंच होतं. सातवीनंतर बीदरची शाळा हवी तर बीदरला घर हवं, आणि त्यासाठी अप्पांनी आजोबांपासूनची मेंढरं नुकतीच विकली होती. घर हुकलं तर शाळाही हुकली!

घर मात्र छान निघालं. पांढरंशुभ्र, नव्या रंगाच्या वासाचं. मामा दारातच उभा होता आणि शेजारी घरमालक अमृतप्पा. मामाचं दुकानही याच अमृतप्पांच्या जागेत होतं.

"चारला इसाराचा कागद करू, भावजी," मामा म्हणाला. "पोरांनो, बाहेर खेळा!"

बाहेर, समोरच्या घराच्या उंबऱ्यावर एक मुलगी कैरी खात बसली होती. उंबरा कसला, गुडघाभर उंच भिंतच ती!

"एवढा उंबरा कामून गं?" रेणूनं विचारलं.

"सगळ्यांचाच हाय. बघ की." तिचं नाव पंचशीला. तिच्या घरात ज्वारीची पोती छताला टांगलेल्या फळीवर होती, आणि दिवाणाच्या पायांखाली चार चार विटा.

"उंदरं लई हायत का?" नागराजनं विचारलं.

"उंदरं!" पंचशीला हसत सुटली. मग तिनं पांढऱ्या घराकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. "तुमी घ्यायलाव ते? मागची खोली बघितलीत का?"

तिघं मागच्या दारानं आत शिरली. खोली रिकामी होती, फक्त भिंतीला चिकटून एक लोखंडी कपाट.

"आयला, हे तर मामाच्या घरचं!" नागराज कपाटावरचं वाघाचं चित्र दाखवत ओरडला. "हा वाघ मीच चिकटवला न्हवं, दिवाळीला? मामीनं केवढं झापलं होतं!"

मामाचं कपाट या रिकाम्या घरात कशाला? रेणूनं त्याला खांदा लावला. तिघांनी जोर लावून कपाट सरकवलं. मागे गिलावा पार गळून पडलेला, लाल दगड उघडा. रेणूच्या छातीएवढ्या उंचीवर गाळाची तपकिरी रेघ. तिनं दगडाला हात लावला. मे महिन्यात गार, ओला!

"पावसाळ्यात वरच्या गल्लीचं सगळं पाणी हितंच येतंय," पंचशीला हळूच म्हणाली. "आदले भाडेकरू म्हणूनच गेले."

न सांगितलं तर? क्षणभर रेणूला डोळ्यांसमोर शाळा दिसली. मग अप्पांचा मेंढरांचा रिकामा वाडा दिसला. ती पळतच पुढच्या खोलीत गेली.

"अप्पा, मागं चला! भित्तीला..."

"मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतीस?" मामा गरजला. "पळ!" कागद सतरंजीवर पसरलेला होता आणि अप्पांच्या हातात पेन!

"ऐकत न्हाईत," रेणू धापा टाकत परतली. "पंचशीला, पाणी हाय का गं?"

"प्यायचं देणार न्हाई हं! नळाला पाणी येऊन चार दिवस झाले. धुण्याचं हाय, दोन बादल्या."

"आण, पळ!"

मागच्या दाराबाहेर दोन्ही बादल्या उपड्या झाल्या. साबणाचं पाणी क्षणभर घुटमळलं. मग शहाण्या शेळीसारखं मागच्या बिनउंबऱ्याच्या दारानं आत शिरलं, खोली ओलांडली आणि फेसासकट थेट सतरंजीवर!

"अरे, कागद! कागद उचला!" अमृतप्पा धडपडत उठले.

"कुणी सांडलं रे?" मामा ओरडला.

अप्पांनी मात्र पेन खाली ठेवलं. उकिडवं बसून तळहात फरशीवर टेकला आणि पाण्याची वाट नजरेनं मागं मागं शोधली. मेंढरं बसवताना बघायचे तसंच. "सगळा उतार घरात हाय," ते म्हणाले, आणि मागच्या खोलीत गेले. मागोमाग बाकीचेही.

भिंतीचा ओला दगड अप्पांनी चाचपला. मग त्यांनी रेणूच्या डोक्यावर हात ठेवला. "मी आंधळा झालो, पर माझी लेकरं डोळस हायत! पोरी, तूही," ते पंचशीलाला म्हणाले. "लई उपकार झाले बाई. रेणू, शाळेचं बघू. भाड्याची खोली घेऊ, पर शाळा चुकायची न्हाई."

"अमृतप्पांनी मला सांगितलंच न्हाई, भावजी!" मामा घाईघाईनं म्हणाला.

अमृतप्पांनी कपाटाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि चपला शोधू लागले.

"व्हय," अप्पा आईकडे न बघता म्हणाले. "मालकानंच लपवलं असंल."

नागराजनं तोंड उघडलं. रेणूनं त्याला करकचून चिमटा काढला.

आई कपाटापुढे उभी होती. वाघावरून तिनं एकदा बोट फिरवलं. मग पदर खोचला आणि वळली.

"मालकानं न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला माझ्या अण्णानं फसवलं."