उजवीकडून पहिली सुई

डिंडोलीतल्या आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात योगराज आला, तेव्हा त्याच्या बाहीला सोनेरी जरीचा धागा चिकटला होता. एका हातात एम्ब्रॉयडरी मशीनचा बोर्ड, दुसऱ्या हातात त्याचा स्क्रीन. तो पांडेसऱ्याच्या ज्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मशीन चालवायचा, तिथे उंदरानं या दोन्हींमधली केबल कुरतडली होती आणि मशीन सकाळपासून बंद होतं.

दुकानाचे मालक राघोकाका. त्यांनी बोर्डवरचं नऊ पिनांचं कनेक्टर पाहिलं. नाव नाही, नंबर नाही. रहेवा दे, राहू दे, म्हणाले. मी म्हटलं, मी बघते. दीड वर्ष मी काउंटरवर मोबाइलला काचा चिकटवत होते आणि मला रिपेअरिंगच्या टेबलाची खुर्ची हवी होती. संध्याकाळपर्यंत स्क्रीन लावून दाखव, खुर्ची तुझी. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं ठरलं.

कुरतडलेली केबल काढण्याआधी योगराजनं कुठल्या पिनेला कुठली वायर, ते कागदावर लिहून ठेवलं होतं. एक लाल, दोन हिरवी, तीन निळी, सात काळी… अक्षर इतकं सुबक, की मी उगाच दोनदा वाचलं.

मग मीटर लावला. काळी म्हणजे ग्राउंड, सातवर बीप यायला हवा होता. आला तिसरीवर. रंगांच्या पिनांवर पंच्याहत्तर ओहम दिसतात. ते दिसले सात, आठ आणि नऊवर. पण त्यातली लाल कुठली, ते मीटर सांगेना.

"कागद चुकलाय तुमचा," मी म्हटलं.

"चुकीचं कसाले लिहू मी?" तो दुखावला. "तीनदा मोजलं."

"कुठून मोजलंत?"

"उजवीकडून. पहिली सुई उजवीकडूनच असते ना…"

सहा वर्षं तो मशीनच्या सुया तशाच मोजत आला होता, पिनाही तशाच मोजल्या. मी डावीकडून मोजत होते. आता कागद उजवीकडून लावून पाहिला. त्याची सातवी म्हणजे माझी तिसरी, त्याची पहिली म्हणजे माझी नववी. सगळं जुळलं. मी हसले, तो कानापर्यंत लाल झाला—आणि तिथेच तो मला आवडून गेला.

त्यानं वायरी धरल्या, मी सोल्डरचे डाग दिले. त्याची बोटं जराही हलली नाहीत. माझीच एकदा घसरली. करंट दिला. स्क्रीनवर लाल कोयरी उमटली, हिरव्या वेलीसकट. राघोकाकांनी टेबलावरचा आपला चष्मा आणि चहाचा ग्लास उचलला.

मी खुर्चीत बसले. योगराज मात्र बोर्ड उचलेना.

"आता यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"दर वेळी उंदीरच लागतो का?"

"मग सरळच विचारतो… रविवारी तुम्हाला भेटायला येऊ? फक्त तुम्हाला."

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"या," मी म्हटलं. "पण ते अहो-जाहो घरी ठेवून या."