आजोबांचा बंद हप्ता

जगाला लिफ्ट विकणाऱ्या कंपनीची स्वतःची लिफ्ट महिनाभर बंद होती, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. त्या सकाळी दार उघडं दिसलं म्हणून आजोबा सरळ आत शिरले. बाहेर 'चाचणी सुरू' अशी पाटी होती. पण त्यांचं लक्ष मोबाइलवर, कोसळणाऱ्या बाजारावर होतं.

आजोबांचं वय एकोणतीस. पगार विभागात बसून येईल त्याला म्हातारपणाची सोय समजावून सांगायची, त्यातून हे नाव पडलेलं.

दार मिटलं. लिफ्ट वर चढली, मध्येच हातभर खाली घसरली आणि गच्च थांबली. आजोबांनी हाताला लागेल ते धरलं. ते एक कोपर निघालं.

"पाटी वाचता येत नाही?" कोपराच्या मालकिणीने विचारलं. कपाळावर ग्रीसचा ठिपका, ओठांत दाबलेलं हसू. "ब्रेक तपासतेय. लागला. आता सोडा."

"लिफ्ट?"

"कोपर."

ती चाचणीची मेकॅनिक होती. "स्वतः बसल्याशिवाय मी कुणाला बसवत नाही," ती म्हणाली, आणि म्हणताना तिची मान जराशी ताठ झाली. आजोबांना ती मान फार आवडली.

"तुम्ही पगारवाले ना? मग सांगा... मंदी आली म्हणून सगळे निवृत्ती फंडाचा हप्ता बंद करतायत. मी करू?" तिचा आवाज उतरला. "मागच्या मंदीत बाबांनी बंद केला. पुन्हा चालू करायचं राहूनच गेलं. पासष्टी उलटली तरी अजून शिडीवर चढतात. मला शिडीची लाज नाही – पण नाइलाजाने चढायचं नाहीये."

आजोबांची टेप सुरू झाली. "डोक्यावर कर्ज? नाही ना? अडीअडचणीचे पैसे बाजूला आहेत? मग चालू ठेवा. तुम्ही घालता तेवढेच कंपनी घालते, ते का सोडायचे? पैसे लागणार म्हातारपणी. आज बाजार पडलाय म्हणजे स्वस्तात मिळतंय, उगाच घाबरून –"

"तुमचा चालू आहे?"

टेप अडकली. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. पण ती बघत होती, आणि असं बघणाऱ्या माणसाला...

"परवा बंद केला," आजोबा म्हणाले. "घाबरलो."

तिने कळ दाबली. लिफ्ट हळूहळू खाली येऊन तळाला टेकली. तिने दार उघडून धरलं.

"तुमच्या लिफ्टमध्ये मी नाही बसत," ती शांतपणे म्हणाली. "उतरा."

आजोबा जिन्याने वर गेले. हप्ता पुन्हा सुरू करायला एक बटण पुरे होतं. पण बोट बराच वेळ हवेतच राहिलं, कारण बाजार अजून पडतच होता. मग ते खाली आले. या वेळी त्यांनी पाटी नीट वाचली आणि दारावर टकटक केली.

"बसलो," ते म्हणाले.

"कधी?"

"आत्ताच. बाजार पडत असतानाच हप्ता चालू केला."

"सकाळी खोटं बोलून सुटला असतात की."

"तुम्ही ब्रेक तपासत होतात. न लागलेला ब्रेक लागला, असं तुम्हाला कसं सांगू?"

ती थोडा वेळ बोटांवरचं ग्रीस पुसत राहिली. ते केव्हाच निघालेलं होतं.

"मग माझाही राहू दे चालू. आणि बाजार आणखी घसरला तर?"

"तर... ते कोपर मिळेल का धरायला?"

कोपर जरासं पुढे आलं. ते धरून आजोबा लिफ्टमध्ये शिरले.

वरच्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा सबंध पगार विभाग जेवायला निघाला होता. "वा आजोबा," कुणीतरी सुरू केलं, "या वयात –"

"ह्यांना आजोबा म्हणायचं नाही," ती म्हणाली. कपाळावरचा ठिपका तसाच, मान ताठ, आणि कोपर जिथे होतं तिथेच. "तो मान आमच्या नातवंडांचा."

आणि इतकी वर्षं दुसऱ्यांना म्हातारपण समजावणाऱ्या आजोबांना पहिल्यांदाच म्हातारपणाची घाई झाली.