दहाच्या शेजारी शंभर

"आज चार वाजता मला खोटारडी ठरवणार आहेत," मुलगी दारातूनच म्हणाली. "पदवी जाईल, नोकरी जाईल. काकू, मी काडीचीही लबाडी केलेली नाही."

वहिनींनी तिला खुर्चीत बसवलं. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या. आता फी घेऊन लोकांची कोडी सोडवायच्या. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, फौजदारकीतून निवृत्त झाल्यापासून सोबत असायचे. गणिताचं नाव निघालं की भाऊजींचं डोकं गरगरायचं.

"सांग. भाऊजींना कळेल असं सांग," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे अगदी बालवाडीपासून," भाऊजी म्हणाले.

मुलगी पहिल्यांदाच हसली. "शहरातल्या नळांवर, म्हणजे जमिनीखालच्या लांब पाइपांवर, एकशेवीस मीटर आहेत. पाणी गढूळ का झालं, ते त्यातले मोजकेच सांगू शकतात. ते मोजके निवडायचे, हे आमचं काम. जुनी पद्धत प्रत्येक मीटर सुटा धरते. एका नळावरच्या मीटरांचे आकडे एकदमच वर-खाली होतात, म्हणून ती त्यातला एक उचलते आणि बाकीचे फेकते. माझी पद्धत नळांचा नकाशा सोबत घेते आणि शेजाऱ्यांना मिळून निवडते."

"कुठली बरोबर, ते ठरवणार कोण?"

"मी दोघींची परीक्षा घेतली. चोवीस मीटर कामाचे, बाकीचे पोकळ, असं आधीच ठरवून आकडे तयार केले. आमच्यात असंच करतात, म्हणजे खरं उत्तर हातात असतं. जुनीने चोवीसपैकी नऊ ओळखले, माझीने बावीस. मग संस्थेने फेरतपासणी केली आणि माझीचे पाचच आले! सगळे म्हणतात, बावीस मी मनाने लिहिले."

"आणि जुनीचे?"

"नऊ. अगदी तेच नऊ."

वहिनींचे डोळे चमकले. "फेरतपासणीला नकाशा कुणाचा वापरला?"

"माझी प्रत चालत नाही, नियम आहे. आणखी तिघांकडे प्रती आहेत: विभागप्रमुख सर, माझा सहकारी आणि नकाशेवाल्या बाई. कुणीतरी आपली प्रत कॉम्प्युटरवरच्या सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आणि तीच वापरली गेली. तिथे ठेवताना मशीन क्रम तसाच ठेवतं, पण मीटरच्या नावांतली अक्षरं आणि पुढची शून्यं काढून टाकतं, म्हणून प्रत कुणाची ते दिसत नाही, आणि एकही जण सांगत नाही."

"उठा भाऊजी."

सहकाऱ्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावल्या होत्या. तो मीटरच्या चिठ्ठ्या डकवत होता: ००७, ०१०, ०४१.

"शून्यं फुकट मिळतात का हो?" भाऊजींनी विचारलं.

"तीन आकडी लिहिलं की यादी नीट लागते. ती गेली तर तिची जागा मला मिळेल, हे विचारायला आलात ना? हो, मिळेल. पण मी असलं करत नाही."

नकाशेवाल्या बाई भिंतभर नकाशासमोर स्टुलावर उभ्या होत्या. प्रत्येक मीटरला भागाचं अक्षर होतं: उ-१०, द-१००.

"तीन वर्षं पायपीट करून काढलाय हा," त्या वरूनच खेकसल्या. "यात चूक दाखवा, स्टूल खाते!"

"चूक नाही," वहिनी म्हणाल्या. "दहा आणि शंभर एकमेकांपासून किती लांब?"

"दहा उत्तरेला, टाकीपाशी. शंभर दक्षिणेला, गावाबाहेर. का?"

"सहज."

खाली उतरताना भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हे सहज नव्हतं."

"फेरतपासणीची फाइल बघून आले मी सकाळी. मुलीने आधी फोन केला होता, तुम्ही झोपला होतात."

विभागप्रमुखांच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत मीटर लिहिले होते: १, १०, ४१, १००. जुनी पद्धत त्यांचीच. तीस वर्षं ते तिच्यावर मिरवत होते, आणि अशा माणसांना संस्थेत कुणी प्रश्न विचारत नाही, खुर्ची पुढे सरकवतात.

"तिचा नकाशा मी उघडूनही पाहिलेला नाही," सर म्हणाले. "माझ्या पद्धतीला नकाशा लागतच नाही. अहो, दहा आणि शंभरला शेजारी धरून निवडते तिची पद्धत! पोरखेळ आहे हा."

वहिनींनी नमस्कार केला. "चारला भेटू, सर."

चार वाजता सभागृह भरलं होतं. संचालकबाई मधोमध होत्या, मुलगी कोपऱ्यात नखं कुरतडत होती.

"पहिली गोष्ट," वहिनी म्हणाल्या. "जुन्या पद्धतीचे दोन्ही वेळा तेच नऊ आले. म्हणजे आकड्यांना कुणी हात लावला नाही. जुनी पद्धत नकाशा बघत नाही, नवी बघते. बिघडली नवीच. मग बिघडवलं काय?"

"नकाशा!" भाऊजी ओरडले आणि स्वतःच चकित झाले.

"शाबास. फाइलीत नळ जागच्या जागी आहेत, फक्त मीटरच्या नावांचा रकाना वेगळ्या क्रमाने लावलाय. एक, मग दहा, मग शंभर, मग एकशे एक. आकड्यांना शब्द समजून लावलं की कॉम्प्युटर हाच क्रम लावतो. एक बटण दाबायचं, बस. सगळ्या नळांवर भलतेच शेजारी आले."

"हे कुणीही करू शकतं," सर म्हणाले.

"नाही. या सहकाऱ्याने तेच बटण दाबलं असतं तर ००१, ००२, ००३ असाच क्रम राहिला असता, काही बिघडलंच नसतं. बाईंच्या प्रतीत उत्तरेचे उत्तरेत आणि दक्षिणेचे दक्षिणेत गेले असते; दहा आणि शंभर कधी भेटले नसते. नुसते आकडे लिहिणारी प्रत एकच."

"हा अंदाज झाला!"

"मग पुरावा घ्या. निकालाच्या कागदावर फक्त निवडलेल्या मीटरची यादी आहे. कोण कुणाचा शेजारी, ते त्यावर नाही. खऱ्या नकाशात दहा आणि शंभर दोन टोकांना आहेत. ते शेजारी आहेत असं जगात एकाच ठिकाणी लिहिलंय, त्या बिघडवलेल्या फाइलीत. ती उघडलीच नाही म्हणता, मग तुम्हाला कुठून कळलं, सर?"

सर समोरचे कागद गोळा करू लागले.

"बाईंचा नकाशा घाला," संचालकबाई म्हणाल्या. "आत्ता, सगळ्यांसमोर."

मशीन घरघरलं. पडद्यावर आकडा आला: बावीस.

नकाशेवाल्या बाईंनी पहिली टाळी वाजवली, मग सभागृह दणाणलं. सहकारी मुलीपाशी जाऊन म्हणाला, "जागा तुझीच. माझी मी दुसरीकडे बघतो." भाऊजींनी डोळे पुसले आणि शेजाऱ्याला सांगितलं की धूळ फार आहे.

"सर, तुम्ही माझा प्रबंध वाचलात?" मुलीने विचारलं.

"पहिला तक्ता पाहिला. पुरे होता."

"एकोणचाळिसाव्या पानावर दुसरा आहे. जिथे मीटर एकमेकांना जोडलेलेच नसतात, तिथे मी दोन्ही पद्धती पुन्हा लढवल्या." तिने पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "तिथे तुमची जिंकते, सर. मी तसंच लिहिलंय. मी काहीच लपवलेलं नाही."

सर त्या पानाकडे बघत राहिले. मुलगी वळली आणि ताठ मानेने, टाळ्यांच्या मधून, संचालकबाईंनी स्वतःच्या शेजारी पुढे सरकवलेल्या खुर्चीत जाऊन बसली.